चालू कोणीही करतं

"चालू कोणीबी करतंय. बंद कसं करायचं ते सांग आधी."

आमच्या शाळेच्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्याला तिथल्या सरांकडून हे ऐकावंच लागे. पोरगं लेथ मशीनच्या लाल बटणाकडं बोट दाखवी. सर विचारत, "ते बिघडलं असंल तर?" मग भिंतीवरचा मेन स्विच शोधायचा. तो सापडेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. मी गणिताची बाई, नुसतं बघायला गेले होते, तरी मलाही त्यातून सूट मिळाली नाही.

सरांच्या उजव्या हाताच्या तर्जनीचं पहिलं पेर नव्हतं. आयटीआय करून ते वाळूजला कारखान्यात फिटर म्हणून लागले होते, तिथंच ते पेर मशीनमध्ये गेलं. नंतर ते देगलूरला आमच्या शाळेत तांत्रिक विषय शिकवायला आले. खडू ते अंगठा आणि मधल्या बोटात धरत, त्यामुळं त्यांचं अक्षर सदा उजवीकडं कललेलं असे. एखाद्या पोराचं काम जमलं की म्हणत, "हाव, झालं की रं." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचं मला आठवत नाही.

आपल्याकडं हुशार पोर म्हणजे लातूरला क्लासला पाठवायचं पोर, हे तुम्हालाही ठाऊक आहे. डॉक्टर झालं तर झालं, नाहीतर ते गप्प होऊन घरी परततं. अशा दिवसांत एकदा टाय लावलेले दोन तरुण आमच्या स्टाफरूममध्ये आले आणि गुळगुळीत माहितीपत्रकं वाटून गेले. नांदेड-लातूर रस्त्याला नवी तंत्रशाळा निघाली होती. नववीपासून रोबोटिक्स, एका कॉलेजशी केलेल्या करारानं अकरावी-बारावीतच तिथले विषय, म्हणजे बारावी होईपर्यंत पदवीचं पहिलं वर्ष पदरात. बाकीच्यांनी त्या पत्रकावर भजी ठेवली. सरांनी ते तीनदा वाचलं.

"मॅडम, कल्पना खोटी न्हाई," ते म्हणाले. "मला पंधराव्या वर्षी असं काही घावलं असतं, तर वाळूजला पोरवयाच्या डिप्लोमावाल्यापुढं सहीसाठी उभा राहिलो नसतो."

बघायला ते मलाही घेऊन गेले. इमारत देखणी होती. काचेच्या कपाटात दोन रोबो होते. वर्कशॉपमध्ये आमच्याकडच्या तिप्पट मशीनं, पण त्यांच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. सर दारातच थांबले.

"तेलाचा वास येत न्हाई," ते म्हणाले.

"मुलं आली की येईल," प्राचार्य हसून म्हणाले.

सरांनी त्यांचा नेहमीचाच प्रश्न जरा वेगळ्या तऱ्हेनं विचारला. "एखादं लेकरू अकरावीतून बाहेर पडलं, तर ते कुठं जाईल?"

"सर, आमच्याकडून कोणी बाहेर पडत नाही."

प्राचार्यांनी ते कौतुकानं सांगितलं होतं. सरांनी कॉलेजबरोबरचा करार दाखवा म्हटलं. त्याची झेरॉक्स मिळाली. शिक्का स्वच्छ उठलेला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या कॉलेजात फोन लावला, आणि तिकडच्या माणसानं करार खरा असल्याचं सांगितलं. एवढं सगळं त्यांनी केलं. करार किती दिवसांचा आहे, हे मात्र विचारायचं राहिलं. त्यांच्याकडून राहिलं, माझ्याकडूनही राहिलं.

तरीही ते महिनाभर अडखळत होते. शेवटी त्यांच्या प्रज्ञानंच विषय संपवला. ती आठवी पास झाली होती आणि वडिलांसारखीच हट्टी होती.

"पप्पा, सगळ्यांना सांगता हातानं शिका म्हणून. मग मला का अडवून राहिले?"

सरांनी तिला तिथं घातलं. 'सरांनी स्वतःची पोरगी टाकली' ही गोष्ट देगलूरभर झाली, आणि त्यामागोमाग आमच्या गावची आणखी बारा लेकरं त्या शाळेत गेली. त्यातली सुवर्णा बसस्टँडजवळच्या शिंप्याची मुलगी. एकदा वर्गातला पंखा तिनं खोलून, साफ करून, पुन्हा जोडला होता. तिच्या बापानं सरांना विचारलं होतं, "टाकू का, सर?" सर म्हणाले होते, "टाका."

पहिली दोन वर्षं खरंच चांगली गेली, हे सांगायलाच हवं. मुलं सुट्टीत यायची तेव्हा त्यांच्या बोलण्यात नवे शब्द असायचे, बोटांवर डाग असायचे. दहावीला सगळी पास झाली. सर त्या उन्हाळ्यात मला जरा उंच वाटले.

मग प्रज्ञाच्या फोनवर एकेक गोष्ट येऊ लागली. इलेक्ट्रॉनिक्सच्या मॅडम गेल्या. नंतर प्रोग्रामिंगचे सर गेले. कॉलेजचे प्राध्यापक सोमवारी येणार होते, आले नाहीत, पुढच्या सोमवारीही नाहीत. "नवी शाळा हाय, चालायचंच," सर म्हणत. म्हणताना माझ्याकडं बघत नसत.

त्याच सुमारास मी बहिणीकडं लातूरला निघाले होते. बस त्या शाळेसमोरून गेली. फाटकावरच्या पाटीवर शाळेचं नाव होतं, पण खालची ओळ, जिथं कॉलेजचं नाव लिहिलेलं होतं, ती पांढऱ्या रंगानं पुसलेली होती. रंगाखालून अक्षरं अजून अंधुक दिसत होती. मी स्वतःला समजावलं, नव्यानं लिहायची असेल. परत येताना मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसले. सरांना ही गोष्ट मी तीन आठवडे सांगितली नाही. सांगितली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मीबी बघितलंय, मॅडम."

बारावीच्या परीक्षेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा सगळं उघड झालं. करार केव्हाच संपला होता. कॉलेजनं हात वर केले होते. आणि 'आमचा अभ्यासक्रम बोर्डाच्या पुढचा आहे' असं म्हणत या मुलांची अकरावीची नोंद कुठंच केलेली नव्हती. सर तिथं गेले तर प्राचार्य बदललेले, निम्म्या खोल्यांना कुलपं. नव्या प्राचार्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "प्रक्रिया सुरू आहे."

परत आल्यावर ते घरी गेले नाहीत. बसमधून उतरून सरळ एकेका घरी गेले. बातमी दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आत ती आपण सांगायची, असं त्यांनी ठरवलं होतं. शिंप्याच्या दुकानात मी बरोबर होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मशीनवरचा पाय काही थांबवला नाही.

"सर, तुमी टाका म्हणलात म्हणून टाकलं."

"हाव," सर म्हणाले. "माझ्यामुळंच झालं."

बारा दारांत त्यांनी हेच सांगितलं. त्या शाळेला त्यांनी एकाही दारात दोष दिला नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाले, "त्यांचं नंतर बघू. तक्रारीचे कागद लावलेत वर. पण ह्या लोकांनी त्यांच्यावर इस्वास टाकला नव्हता. माझ्यावर टाकला होता."

बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म तेवढा उरला होता. तेराही फॉर्म त्यांनी स्वतः भरले. मिळालेल्या केंद्रावर कला शाखेचीच सोय होती. ज्यांनी मोटारींचे वेग मोजले होते, ती मुलं सकाळी सात वाजता आमच्या वर्कशॉपमध्ये बसून इतिहासाचे धडे पाठ करू लागली. मी त्यांना अर्थशास्त्र शिकवलं, आधी स्वतः वाचून. दहावीच्या मार्कांवर प्रज्ञाला डिप्लोमा मिळत होता. ती म्हणाली, "ह्यांना मी घेऊन गेले. आधी ह्यांच्यासंगं बसते, मग बघू." सर तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिले.

संक्रांतीनंतर सुवर्णा यायची बंद झाली. आठवडाभर वाट बघून आम्ही तिच्या घरी गेलो. दार आईनं उघडलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"मामाकडं गेली, सर."

"परीक्षा तोंडावर हाय, ताई. कधी येईल?"

तिनं मागं वळून बघितलं. आतून शिंप्याचा आवाज आला, "सांग की. चोरी केली का आपण?"

मग ती म्हणाली, "लगीन झालं, सर. बिदरकडं दिली. ह्याच महिन्यात अठरा पुरी झाली, कायद्यानंच केलं. शिकून काय झालं, तेबी सांगा." ती चढ्या आवाजात बोलत नव्हती. सरांनी हात जोडले आणि पायरी उतरले. रस्त्यात मी काहीतरी बोलत राहिले. त्यांना ते ऐकू येत होतं असं वाटत नाही.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी ते केंद्राच्या फाटकाशी माझ्याआधी येऊन उभे होते. हॉल तिकिटं त्यांच्याकडंच आली होती. त्यांनी नाव घ्यावं, मुलानं पुढं यावं, त्यांनी पाठीवर हात ठेवावा, असं बारा वेळा झालं. प्रज्ञा शेवटी आत गेली. पहिली घंटा झाली.

"चला, सर," मी म्हणाले.

"येईल कदाचित," ते म्हणाले. "सासरी निरोप धाडला होता मी. नवरा बरा वाटला फोनवर. आणतो म्हणाला."

दुसरी घंटा झाली. शिपायानं फाटक ओढून घेतलं.

त्या वर्षीच त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि ते नांदेडला राहायला गेले. प्रज्ञा तिथं डिप्लोमा करते आहे, वर्गातल्या मुलींपेक्षा दोन वर्षांनी मोठी. तक्रारीच्या कागदांचं उत्तर अजून आलेलं नाही. त्या शाळेची यंदाची माहितीपत्रकं मात्र आली, दोन नव्या तरुणांनी आणून दिली.

सर डोळ्यांसमोर येतात ते त्या सकाळचेच. बिदरकडून येणारी एकेक जीप थांबते, माणसं उतरतात, जीप पुढं जाते. ऊन तापू लागलं आहे. बंद फाटकाला पाठ लावून ते रस्त्याकडं बघत उभे आहेत. सुवर्णाचं हॉल तिकीट त्यांनी दोन्ही हातांत धरलं आहे, चुरगळू नये म्हणून सैल.