चार बोटं माया

टेलरमास्तरांनी स्वतःच्या दफनाचा कोट स्वतःच शिवून ठेवला होता, आणि त्याची लाज तर नव्हतीच, उलट मिजास होती. घरी कुणी आलं रे आलं, की काढला कोट कपाटातून! सून कपाळाला हात लावायची. "बाबा, आल्यागेल्याला निदान चहा तरी पिऊ द्या."

त्याचं असं होतं, की लग्नात मास्तरांनी मागून आणलेला कोट घातला होता. बाह्या कोपराच्या जरा खाली, बस्स. खुद्द शिंपी आणि ही तऱ्हा! बायकोने ते चाळीस वर्षं ऐकवलं, आणि जाताजाताही म्हणाली, "वर याल तेव्हा जरा माणसात दिसाल असे या." तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती. ती भेटणार याबद्दल मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती. प्रभूने शब्द दिलाय म्हटल्यावर विषय संपला. प्रश्न फक्त कपड्यांचा होता.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी अंगाची पार खारीक झाली होती. तरी कोटाच्या दोन्ही कुशींना आतून चार-चार बोटं माया. शिवणीत जादा कापड सोडतात, त्याला शिंपी माया म्हणतात. एवढी कशाला, असं पाळकसाहेबांनी एकदा विचारलं आणि फसले.

"शेवटच्या दिवशी शरीर नवं होऊन उठणार, असं तुम्हीच सांगता ना?"

"हो."

"मग मी तिशीत चांगला आडवातिडवा होतो. तसा उठलो आणि सगळ्या मंडळीसमोर कोट टर्रकन उसवला तर? ही अनंतकाळ ऐकवेल!"

पाळकसाहेबांनी शास्त्रातलं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, आणि मुकाट्याने चहा मागितला.

या सगळ्याला हसणारा एकच माणूस. बायकोचा धाकटा भाऊ, अंगानेही नावासारखाच असलेला ढोलमामा. पावाची भट्टी चालवायचा, अंगावर कायम पिठाने माखलेलं बनियन. "दाजी, तुम्ही बसा कोट कुरवाळत. मी आपला असाच जातो."

आणि गेला की खरंच. मंगळवारी सकाळी भट्टीसमोर जरा टेकला, तो उठलाच नाही.

दहाच्या सुमारास त्याची मुलगी आली. रडून डोळे सुजलेले. "आतोबा, बाबांना एकही शर्ट होत नाही हो. चार वाजता दफन आहे. काही शिवून होईल का?"

"सहा तासांत काय डोंबल होणार?" मास्तर खेकसले. सून मुद्दाम कपाटाकडे पाठ करून उभी राहिली. कोट मागायची कुणाची छाती नव्हती.

मास्तर मेहुण्यावर चिडले, मग थेट प्रभूवर चिडले. "अकरा वर्षं मी रांगेत उभा, आणि हा मध्येच घुसला! तुला चालतं हे?" शेवटी त्यांनीच कोट काढला, मांडीवर घेतला आणि कुशी उसवायला बसले. माया सोडली. सगळी सोडली, बोटभरसुद्धा राखली नाही.

उसवणं जमलं, शिवणं जमेना. बोटं थरथरायला लागली. टाका एकीकडे, धागा भलतीकडे. सून म्हणाली, "द्या, मी घालते." तर म्हणाले, "हात लावशील तर बघ." तीन तास घेतले, पण संपवलं.

साडेतीनला ढोलमामाला कोट चढवला. शेवटचं बटण असं लागलं, की त्याने एक श्वास जरी घेतला असता तरी तुटलं असतं. दाढी केलेला, कोटातला ढोलमामा! मुलगी बघतच राहिली. मग मास्तर म्हणाले, दोन मिनिटं सगळे बाहेर व्हा.

पेटीवर वाकून त्यांनी कॉलर सारखी केली.

"हे बघ, तुझ्या ताईला सांग, कुशीचे टाके वाकडे आलेत. ती उलटून बघेलच, सवयच आहे तिला. म्हणावं, हात हलतो आता त्यांचा, रागावू नकोस." त्यांनी नाक पुसलं. "आणि दुसरा कोट शिवायला मला किती दिवस लागतील देव जाणे, तोवर वाट बघ म्हणावं. तू तिला माझ्याआधी भेटणार रे, गाढवा. फार हेवा वाटतोय मला तुझा."