पाचवं नाव

माझा स्वभाव तापट. मुली मला पाठीमागे काय म्हणायच्या ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते थोडं आवडायचंही. आमच्या कितीतरी पिढ्या चामराजपेटेत गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी एका कॉलेजात खेळ शिकवायची, आणि दर सीझनला आंतरकॉलेज बास्केटबॉलमधल्या सर्वांत चांगल्या पाच मुली निवडायला जे तिघं बसत, त्यांत मी एक असायची.

त्या वर्षी एक मुलगी आमच्यातली होती. म्हणजे मराठी, दोन गल्ल्या सोडून राहणारी. कॉलेज मात्र दुसरं. हळदीकुंकवाला आईबरोबर आली की मला अक्का म्हणायची, मैदानावर मॅडम. उंची बेताची. पण बॉल हातात आला की समोरच्या पोरी कुठे धावणार ते त्यांच्याआधी हिला कळायचं. स्वतः बास्केट कमी मारायची, दुसरीकडून मारून घ्यायची. तिचं ते शेवटचं वर्ष. एका सरकारी खात्याच्या संघात खेळाडूंना नोकरी मिळायची, आणि आमच्या पाचांत नाव आलं की तिथं थेट बोलावणं यायचं. नाही आलं तर खुल्या चाचणीत शेकडो मुलींबरोबर रांग. घरच्यांनी तिला बजावलं होतं, नोकरी लागली तर खेळ, नाहीतर बॉल ठेवून ऑफिस गाठ. हे सगळं मला माहीत होतं बरं का. तिच्या आईनंच सांगितलं होतं.

फायनल संपल्यावर आम्ही तिघं सामानाच्या खोलीत बसलो. चार नावं पाच मिनिटांत ठरली. पाचव्या जागेसाठी दोघी उरल्या: ही, आणि व्हाइटफील्डकडच्या एका कॉलेजची उंच, भरपूर बास्केट मारणारी मुलगी. दोघे सर माझ्याकडे बघायला लागले. त्यांतले थोरले म्हणाले, "मॅडम, ती तुमच्याकडचीच ना? लहानपणापासून बघताय तुम्ही तिला. तुम्हीच सांगा."

साध्या मनानं विचारलं होतं हो त्यांनी! पण माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. उद्या सगळे म्हणतील, बघा, मराठी बाईनं मराठी पोरगी घुसवली. आपला तो बाब्या म्हणणाऱ्यांतली मी नव्हे, हे दाखवायची मला कोण घाई! मी ठणकावून सांगितलं, "नको. कच्ची आहे अजून."

"सरी, ठीक आहे," म्हणाले सर, आणि उंच मुलीचं नाव लिहिलं. वर कौतुकही केलं, मॅडम म्हणजे एकदम स्ट्रिक्ट. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मेट्रोकडे चालताना तेच सर सहज बोलून गेले, "आम्ही दोघांनी तिचंच नाव धरलं होतं. पण तुम्हीच नको म्हटल्यावर, तुम्हाला काहीतरी दिसलं असणार." यादी माझ्याच पर्समध्ये होती. परत बसू या, एवढंच म्हणायचं होतं. पण एकदा बोललेलं मागे घ्यायचं म्हणजे मला कमीपणा. घरी आले आणि यादी पाठवून दिली.

चार दिवसांनी ती माझ्या दारात. रडली नाही, तक्रार नाही. पायरीवर चपला नीट ठेवून आत आली आणि म्हणाली, "अक्का, माझ्यात काय कमी पडलं? सांगा ना, चाचणीला अजून दोन महिने आहेत."

कमी काहीच नव्हतं. तेवढं म्हणायला जीभ रेटेना. मी चहाचं पाणी ठेवायला उठले आणि पाठमोरीच बोलले, "तुझा डावा हात स्वल्प कमजोर आहे."

साफ खोटं! सेमीफायनलचा शेवटचा पास तिनं डाव्या हातानंच दिला होता, आणि मी उठून टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं मान डोलावली. चहा पिऊन गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेच्या ग्राउंडवर उजवा हात पाठीमागे धरून एकट्या डाव्यानं बॉल आपटताना दिसायची. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं.

चाचणीला मी गेले. कशाला गेले देव जाणे. पूर्वी तिचा डावा हात आपोआप चालायचा. आता बॉल आला की ती आधी हाताकडे बघायची, आणि तेवढ्यात समोरची बॉल काढून न्यायची. एकदा, दोनदा, पाचदा. उजवीकडे मोकळी वाट असताना हट्टानं डावीकडे वळत होती, सुधारलंय हे दाखवायला. पहिल्याच फेरीत तिला बाहेर बसवलं.

आता ती कोरमंगल्याच्या एका ऑफिसात आहे. बॉल कुणाला तरी देऊन टाकला म्हणे.

चाचणीच्या त्या दिवशी मात्र ती मला शोधत गॅलरीत आली होती. घामानं निथळत, टॉवेल खांद्यावर. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "अक्का, बाकी सगळे नुसतं छान खेळतेस म्हणायचे. खरं तेवढं तुम्हीच सांगितलंत."

मी म्हटलं, "असू दे गं. पाणी पी आधी."