आपाच्या कानाचं मशीन आणि चिनी लोकांचं टपाल

माझा नातू इथंच आखातात, अल ऐनला कायदा शिकतो. शनिवारी कुसैसला माझ्या घरी जेवायला आला आणि भात कालवता कालवता मला परीक्षेचा धडा ऐकवायला लागला. इंग्रजांच्या राज्यात सिंगापूरला चिनी मजूर असत. त्यांची पत्रं नि पैसे त्यांचीच माणसं बोटीनं गावी न्यायची, उत्तरंही आणायची. सरकार म्हणालं, टपाल आमचं. न्यायचं तर आमच्या नियमानं.

"नानी, इट वॉज अनरेग्युलेटेड. लोक फसायचे."

फसत असतीलही काही. पण माझं डोकं आधीच तापलेलं. त्याच्या ताटाशेजारी माझंच पार्सल पडलं होतं, दापोलीकडच्या आमच्या गावाहून परत आलेलं.

त्यात आपाचं कानाचं मशीन. आपा माझी थोरली बहीण, गावी एकटी राहते. मशीन बिघडलं म्हणून मी इथं आणून दुरुस्त करून घेतलं. पूर्वी असलं काही इथल्या देरा भागातल्या चाचांकडे द्यायचं. चाचा आमच्याच गावचे, इथून गावी सारखी खेप करायचे, घरोघरची पुडकी पोचवायचे. यंदा कोणीतरी त्यांना बजावलं, लायसन्स नाही तर लोकांची पार्सलं न्यायची नाहीत. चाचांनी हात जोडले. "बहन, खलास. या वयात लफडं नको."

मग मी गेले लायसन्सवाल्या कुरियरकडे. आता ऐका. त्यांच्या माणसानं आपाच्या पुढच्या दाराची कडी वाजवली. फोन केला, तो तिला कुठला ऐकू येणार. मग लिहून टाकलं, घरी कोणी नाही. अरे, आपा घरीच होती, मागच्या पडवीत आमसुलं वाळवत. ऐकू येत नाही म्हणूनच तर मशीन पाठवलं ना. चाचा मागच्या अंगणातून जायचे, तिच्यासमोर उभे राहून हात हलवायचे.

ऑफिसात फोन केला तर तिथली मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅडम, कस्टमर को दरवाजा खोलना चाहिए था."

नातवाला हे सांगितलं. तो म्हणाला, "बट रूल्स प्रोटेक्ट पीपल, नानी."

"कोणाला रे? त्या चिन्यांच्या आया कुठल्या दारात बसायच्या, ते तुझ्या इंग्रज साहेबाला ठाऊक होतं? चाचांना लायसन्स द्या, बॅग तपासा, मी कुठं नको म्हणते. पण ज्याला दार माहीत, त्यालाच घरी बसवायचं, हा कसला कायदा?"

त्यानं ताटाशेजारचं पार्सल उलटंपालटं करून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "सो व्हॉट विल यू डू?"

"तिकीट काढ माझं. मशीन माझ्या पर्समध्ये. गुडघे दुखोत, मागच्या दारानं मीच जाते. आणि येताना आमसुलं आणीन, त्याला लायसन्स लागतं का तेही बघून ठेव."