आवळून बांधलेली पेटी

रॉकेट उडवणारे पुष्कळ, पण त्यातलं उड्डाणाच्या नोंदी घेणारं यंत्र जिवंत ठेवायचं कोणी? हे खूळ माझ्या मित्राचं, किशोरचं. उडतानाची थरथर, हिसका आणि कानठळ्या बसवणारा आवाज यंत्रापर्यंत पोचू नये, म्हणून नोकरी सोडून तो रबराच्या गाद्या बनवत बसलेला. आधीच्या दोन्ही छोट्या रॉकेटांत मात्र वात पेटताच नोंदयंत्र मुकं झालं. नारायणगावात दुकान चालवणाऱ्या त्याच्या बाबांनी बजावलं होतं, यंदा फसलं तर मुकाट गल्ल्यावर बसायचं. मग मीही निघाले सोबत, म्हटलं, बघू तरी.

शिवाजीनगरहून सकाळची नाशिक एसटी धरा आणि डावीकडे बसा, वाटेतल्या पेठ गावापर्यंत ऊन लागत नाही. नारायणगावला मिसळ खा, पण तर्री जपून! रॉकेट उडवायचं ते निमगाव साव्याला, आणि तिथली शेअर जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही. रस्त्याला खड्डे लई. किशोर खूश, म्हणाला फुकटात चाचणी होईल. यंत्र चालू करून, रॉकेट रबराच्या पायांच्या पेटीत घालून ती त्याने टपावर ठेवली.

उतरून बघतो तर यंत्राचा दिवा विझलेला, यंत्र बंद. टपावर जाडजूड दोर.

"पावणं, नाजूक माल दिसला, हलू नाय म्हनून म्याच आवळून बांधला," जीपवाले भाऊ कौतुकाने म्हणाले.

आता हा भडकणार, असं मला वाटलं. पण तो दोराकडे बघतच राहिला. पायाखाली रबर असून काय उपयोग, दोराने पेटी जीपला जखडलेली, खड्डा थेट आत. मग त्याने रॉकेटच उघडलं. आत रबराच्या गादीवर बसवलेल्या यंत्रापासून रॉकेटच्या भिंतीपर्यंत वायर ताठ ओढलेली, अगदी नीटनेटकी.

"रबर मऊ आणि वायर ताठ! अगं, मीच याला भिंतीला बांधून ठेवलंय."

यंत्राची सुटलेली बॅटरी बसवली आणि वायरीला चांगला झोळ दिला.

पोलीस पाटलांना आधीच कळवलं होतं. किशोरच्या ओळखीचे गावातले शेतकरी आप्पा, त्यांच्या ज्वारी काढलेल्या रानातून रॉकेट सुसाट गेलं आणि हवाई छत्रीने शेजारच्या हरभऱ्यात उतरलं. आम्ही बांधावरून धावत सुटलो.

"जित्तं हाय का वो?" आप्पांनी लांबून विचारलं.

दिवा लुकलुकत होता. जिंकलो राव! मी बेभान नाचले.

पुण्यात परतलो. अंग ठणकतंय, तर्रीची जळजळ गेलेली नाही, तरी उद्या म्हणाल तर उद्या निघेन. कॉम्प्युटरवर नोंदीची रेघ पेटल्यापासून उतरेपर्यंत सलग आली. किशोरने बाबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते शेवटी म्हणाले, "दुकानाला मी दुसरा माणूस बघतो."