भीतीने अडलेला पान्हा

शालूबाईंचे माहेर मलकापूरकडचे. लग्न होऊन त्या कोल्हापुरात आल्या आणि तेव्हापासून त्यांचा हात म्हशीच्या कासेलाच राहिला. म्हैस चौकातल्या दूधकट्ट्यावर उभी करायची, गिऱ्हाइकांदेखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला त्यांच्या हाती द्यायचा, हा त्यांचा संसार. पतीच्या निधनानंतर मुलगा आकाराम धंदा पाहू लागला. त्याचा हात धार काढण्यापेक्षा मारण्यात अधिक तरबेज होता.

त्या सायंकाळी म्हशीने पान्हा चोरला. तिचे रेडकू नुकतेच मेले होते. कासेला बोट लागताच ती थरथरत असे.

"काय आकाराम, म्हस उपास धरून बसली व्हय?" एक पैलवान गडी हसला. सारा कट्टा खदखदला.

आकारामने काठी उचलली. बरगड्यांवर, तोंडावर, मिळेल तिथे तो मारीत सुटला. नाकपुडीतून रक्त आले, तरी हात थांबला नाही. अखेर त्याने खिशातून बाटली काढून सुई भरली आणि म्हशीच्या मानेत खुपसली. चोरून मिळणारे ते औषध जनावराला जबरीने पान्हा सोडायला लावते. थोड्याच वेळात चरवी भरली. परंतु शालूबाईंना त्या दुधाकडे पाहवेना.

घरी सून पूर्णिमा बाळंतीण होती. तिची छाती दगडासारखी ताठून ठणकत होती, तरी बाळ जरासे ओढी आणि टाहो फोडी. वस्तीतली आशा आरोग्यसेविका तेजस्वी येऊन सांगून गेली होती, "मावशी, दूध आत तयार हुतंय. बाळानं ओढलं की मेंदूला कळतंय, मेंदू हुकूम सोडतोय, मग दुधाच्या बारीक पिशव्या आवळून ते भाईर येतंय. बाई भ्यालेली असली की तो हुकूमच अडतोय. दूध आटल्यालं न्हाय." शालूबाईंनी मान डोलावली होती. घरात भय कोण घालतो, हे उच्चारण्याचे धैर्य मात्र त्यांना झाले नव्हते.

कट्ट्यावरचा अपमान घेऊनच आकाराम घरात शिरला. चरवी घेऊन शालूबाई त्याच्या मागोमाग आल्या. बाळ रडत होते. त्याने पूर्णिमेच्या मुस्काटात भडकावली.

"दोन वेळा गिळतीस, आन् पोराला थेंब न्हाय? तूबी चोरतीस व्हय?"

"न्हाय वो, चोरत न्हाय! येतच न्हाय!" बाळाला पदराआड घेत ती म्हणाली.

दुसरा तडाखा कानावर बसला. ती भिंतीवर आदळली, ओठ फाटला. मग त्याने तीच बाटली आणि तीच सुई बाहेर काढली.

"म्हशीला सोडाय लावलं, तिथं तुझी काय कथा!"

"आक्या, माणूस हाय ती!" शालूबाई ओरडल्या.

"आई, मधी पडू नगंस. म्हस काय, बाई काय, दूध एकच की."

त्याने पूर्णिमेचा दंड पिरगाळला. सुई कातडीला टेकली. शालूबाईंच्या हाती दुधाची पितळी चरवी होती. ती त्यांनी सर्व शक्तीनिशी त्याच्या मनगटावर हाणली. हाड कडाडले, सुई फरशीवर पडली. तो उसळून अंगावर आला, तेव्हा दुसरा घाव कपाळावर बसला. भुवईवरून रक्ताची धार लागली.

"आये, पोटच्या पोराला मारतीस?"

"व्हय, पोटच्यालाच मारतीया! दुसऱ्याच्या लेकीला मारीत हुतास तवा गप बसले, तितंच चुकलं माजं. हो भाईर!"

धक्का देऊन त्यांनी त्याला बाहेर लोटले व कडी घातली. तो दारावर लाथा घालीत शिव्या देऊ लागला. शेजारचे गडी धावून आले.

"चल गड्या, आधी हात दाखव डाक्टरला. तमाशा पुरं झाला," असे म्हणत त्यांनी त्याला ओढत नेले.

कोमट पाण्याचे भांडे घेऊन शालूबाई दाराला पाठ लावून बसल्या आणि पूर्णिमेला त्यांनी जवळ ओढून घेतले. फडके त्या पाण्यात बुडवून छाती शेकली, ओठावरचे रक्त टिपले. बाळ ओढू लागले. काहीच आले नाही. पूर्णिमा दारावरची नजर हलवीना.

"आत्ती, ते परत आले तर?"

"येऊ दे की. आधी मला तुडवावं लागंल. तू पोराकडं बघ."

त्या तिच्या पाठीवरून सावकाश हात फिरवीत राहिल्या. बऱ्याच वेळाने पूर्णिमेचे खांदे सैल पडले. ती एकदम दचकली.

"आत्ती, आत मुंग्या आल्यागत हुतंय."

बाळाच्या गळ्यातून घोटाचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा. ज्या बाजूला बाळ नव्हते, तिकडचा पदरही भिजत चालला. पूर्णिमेला रडू फुटले, तरी दुधाची धार थांबली नाही.

शालूबाईंनी दाराला लावलेली पाठ काढली नाही.