गुलाब नावाची मुलं

आमच्या जानेफळात गुलाब नावाची माणसं पूर्वी पुष्कळ होती. गुलाबराव होते, गुलाबबाई होत्या, गुलाबखाँही होते. पुढं ते नाव म्हाताऱ्यांपुरतंच उरलं. आता ते पुन्हा अंगणवाडीत ऐकू येतं, आणि ते आणलं आमच्या गावच्या जीपवाल्यानं.

हा माणूस समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "हाव, हाव" म्हणून मोकळा होतो. पण अडलेली बाळंतीण गाडीत असली, की मेहकरच्या दवाखान्यापर्यंत अवाक्षर बोलत नाही. नंतर भाडंही घेत नाही. बाळाला तुझंच नाव ठेवतो असं कुणी म्हणालं, तर सांगतो, "माह्यं नोका ठेवू. मायचं ठेवा, गुलाब. पोरगं असो का पोरगी, चालते." त्याची माय बाळंतपणात, बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच गेली होती.

माझ्या बायकोलाही त्यानंच नेलं. मुलगी झाली. बारशाला पुण्याहून आलेला मेहुणा म्हणाला, "काय हे जुनाट नाव? शाळेत मुलगा समजतील हिला."

माझी आई पाळण्याची दोरी धरून बोलली, "समजू दे. त्या नावाच्या बाईच्या लेकानं वाचवलं तिले."

माझ्या बहिणीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, गुलाब.

जीपवाला दारातच उभा होता. हात धुऊन आत आला, रडणारी मुलगी उचलून घेतली आणि हळूच म्हणाला, "काऊन रडून राह्यली वं, माय?"