मंडळ झालं, पण दारात सहावा जोड होता

मंडळींनो, शहापूरच्या सायबर कॅफेमधून लिहितोय. आपलं लेदर-फेटिश मंडळ आज दुपारी किन्हवलीला माझ्या घरी स्थापन झालं.

पाच जण जमलो. सगळे हौसेने लेदरचे बूट घालून आले आणि सवयीने दारातच काढून अनवाणी आत बसले. यावर बराच वेळ हसलो.

मग शेणव्याची ताई म्हणाली, "कुनाला आडनाव इचारायचं नाय. पयला नियम ह्योच लिव." लिहिला. बाई, पुरुष, हिजडा, चामड्याची ओढ असलेलं कुणीही चालेल, हेही लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

सगळे गेल्यावर दारात प्लॅस्टिकच्या चपला उरल्या. बाबांच्या. ते वैशाखऱ्याला लग्नाला गेले होते, उद्या येणार होते.

आमच्या घरात चामडं येत नाही. आजोबांना गावची मेलेली ढोरं ओढावी लागायची. बौद्ध झाल्यावर त्यांनी ते सोडलं. बाबा तर चामड्याचा पट्टासुद्धा लावत नाहीत. माझे बूट मी मित्राकडे ठेवतो; बाबा नसणार म्हणून आज घालून आलो, आणि जाताना तो परत घेऊन गेला.

परसातून आई म्हणाली, "तुजा बाप मगाशीच आलता. दाराशी उबा राहून ऐकत व्हता. मंग तसाच अनवानी गेला."

शोधत शहापूरपर्यंत आलोय. चपला पिशवीत आहेत. मी आवडीने घेतो तो चामड्याचा वास लहानपणी बाबांना आजोबांच्या अंगाला यायचा, हे मला आज दुपारपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

ते भेटले, तर आधी चपला पुढे करू की आधी बोलू?